सामायिक रजिस्टर आणि दुसऱ्याची नजर



या स्मृतिव्याख्यानमालेचे यंदाचे पुष्प गुंफण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी संस्थेचा मनःपूर्वक ऋणी आहे. या व्यासपीठावरून आजवर साहित्य, इतिहास, शिक्षण अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विचार मांडले आहेत. माझा विषय त्या मानाने रूक्ष वाटण्याचा संभव आहे. तरीही तो मी जाणीवपूर्वक निवडला. एक तर तो माझ्या रोजच्या कामाचा आहे. दुसरे असे की, त्यात यंत्राइतकाच माणसाचा प्रश्न गुंतलेला आहे. अनेक जणांनी मिळून एकच वस्तू वापरायची असेल, तर ती बिघडणार नाही याची हमी कोणी आणि कशी द्यावयाची, हा तो प्रश्न होय.

माझे काम एका वाक्यात सांगता येईल. इतरांनी लिहिलेल्या आज्ञावली वाचणे, आणि त्या संगणकाच्या गाभ्यात स्वीकारण्यायोग्य आहेत की नाहीत याविषयी मत देणे. या गाभ्याला आमच्या व्यवसायात ‘कर्नेल’ म्हणतात. आपण पडद्यावर जे पाहतो, त्याच्या खाली हा कर्नेल अहोरात्र राबत असतो. स्मृतीची वाटणी, वेळेची वाटणी आणि यंत्राच्या प्रत्येक अवयवाशी संभाषण ही त्याची कामे. हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा आरंभ केला, तो लिनक्स नावाचा कर्नेल आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये आहे, आणि जगातील पाचशे सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ मध्ये तो पाचशेच्या पाचशे यंत्रांवर होता. या कर्नेलच्या निम्म्याहून अधिक ओळी ‘ड्रायव्हर’ या प्रकारच्या आहेत. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या विशिष्ट उपकरणाची भाषा जाणणारी आज्ञावली. ध्वनीचा ड्रायव्हर वेगळा, पडद्याचा वेगळा, नेटवर्कच्या कार्डाचा वेगळा.

ड्रायव्हर उपकरणाशी बोलतो तो रजिस्टरांच्या द्वारे. ‘रजिस्टर’ हा शब्द शाळेला परका नाही. आपल्या कार्यालयात आवक-जावक रजिस्टर असते, हजेरीचे असते, दाखल्यांचे असते. यंत्रातले रजिस्टर म्हणजे अशीच एक नोंदीची जागा, बहुधा बत्तीस खान्यांची. प्रत्येक खान्यात शून्य किंवा एक. एका खान्यात एक लिहिले की दिवा लागतो, दुसऱ्यात लिहिले की पंखा फिरतो, तिसऱ्यात लिहिले की एखादे उपकरण झोपेतून जागे होते. यंत्र बनवणाऱ्याला जागेची काटकसर करावयाची असते, म्हणून एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी तो एकाच रजिस्टरात शेजारी-शेजारी बसवतो. एका बिऱ्हाडाचा दिवा आणि दुसऱ्या बिऱ्हाडाचा पंखा एकाच फळीवरच्या बटणांनी चालावा, तसा हा प्रकार असतो.

अडचण येथून सुरू होते. बहुतेक रजिस्टरांत एकच खाना बदलता येत नाही. संपूर्ण पान वाचायचे, आपला खाना दुरुस्त करायचा, आणि संपूर्ण पान परत लिहायचे, अशी तीन पायऱ्यांची रीत आहे. समजा, कार्यालयात दोन लिपिक आहेत. दोघांनी एकाच वेळी पानाची नक्कल उतरवून घेतली. पहिल्याने आपल्या नकलेत पहिली नोंद केली, दुसऱ्याने आपल्या नकलेत दुसरी. पहिल्याने आपले पान मूळ जागी चिकटवले. क्षणभराने दुसऱ्याने त्यावर आपले पान चिकटवले. पहिल्याची नोंद नाहीशी झाली. दोघांनीही आपापले काम चोख केले. दोघांच्याही हस्ताक्षरात चूक नाही. तरीही रजिस्टर खोटे झाले.

हा दोष अन्य दोषांहून वेगळा आहे तो एवढ्यासाठी, की तो चाचणीत सहसा सापडत नाही. दोन लिपिक नेमक्या त्याच क्षणी त्या पानाशी आले तरच तो प्रकट होतो. तो क्षण एका सेकंदाच्या कोट्यंशाइतका असू शकतो. चाचणी हजार वेळा यशस्वी होते, यंत्र बाजारात जाते, आणि मग कोठेतरी, कधीतरी, दिवा लागत नाही. ते यंत्र दुरुस्तीला आणावे तर तेथे ते निमूटपणे व्यवस्थित चालते.

दिवा न लागणे ही किरकोळ गोष्ट वाटेल. म्हणून याच जातीच्या एका दोषाचा इतिहास येथे सांगणे मला अगत्याचे वाटते. कर्करोगावर किरणोपचार करणारे ‘थेरॅक-२५’ नावाचे एक यंत्र होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडा येथे त्या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा दिल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांत काही रुग्ण दगावले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या प्रकरणाचा जो साक्षेपी अभ्यास प्रसिद्ध केला, तो आमच्या व्यवसायात आजही वाचला जातो. टेक्सासमधील टायलर या गावी १९८६ साली झालेल्या अपघातांचे मूळ असे होते. यंत्रातले चुंबक आपल्या जागी स्थिर व्हायला सुमारे आठ सेकंद लागत. त्या अवधीत यंत्र चालवणाऱ्या व्यक्तीने पडद्यावरची नोंद झपाट्याने दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती आज्ञावलीच्या एका भागाला कळे आणि दुसऱ्याला कळत नसे. तेथे सामायिक वस्तू रजिस्टर नव्हती, स्मृतीतली एक जागा होती. पण दोषाची जात तीच. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, नवशिक्या हाताने काम केले असते तर हा दोष दिसलाच नसता. सरावाने हात जलद झाला, म्हणून तो प्रकट झाला. शिवाय त्याच कुळातल्या आधीच्या यंत्रात अशा प्रसंगी अपघात रोखणारी स्वतंत्र विद्युत-यांत्रिक अडसर-व्यवस्था होती. नव्या यंत्रात ती काढून आज्ञावलीवर विसंबण्यात आले, आणि ती आज्ञावली मुख्यत्वे एकाच व्यक्तीने लिहिलेली होती.

यावर उपाय काय? उपाय जुना आहे, आणि तो आपण रेल्वेत पाहिलेला आहे. आपल्या बेळगावावरून जाणारा मिरज-लोंढा लोहमार्ग कित्येक दशके एकेरी होता. एकाच रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत, यासाठी भारतातील अशा अनेक एकेरी मार्गांवर टोकनची पद्धत होती. नील यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रातून एक पोलादी गोळा निघे. तो पिशवीत घालून, मोठ्या कडीला अडकवून गाडीच्या चालकाच्या हाती देत. दोन स्थानकांची यंत्रे तारेने जोडलेली असत. एका यंत्रातून गोळा बाहेर आला, की तो कोणत्यातरी यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा निघत नसे. ज्याच्या हाती गोळा, त्याचाच मार्ग.

संगणकशास्त्रातही हीच कल्पना आली. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली ‘एका वेळी एकालाच प्रवेश’ या प्रश्नाची शास्त्रशुद्ध मांडणी केली, आणि पुढे त्यांनी सुचवलेल्या साधनाला ‘सेमाफोर’ हे नाव रूढ झाले. रेल्वेच्या सिग्नलच्या वर-खाली होणाऱ्या हातालाही हाच शब्द आहे. कर्नेलमध्ये आम्ही त्यासाठी ‘लॉक’ वापरतो. पान वाचण्यापूर्वी लॉक घ्यायचे, दुरुस्त पान परत लिहिल्यावर ते सोडायचे. मधल्या काळात दुसरा कोणी आला तर त्याने थांबायचे.

परंतु रेल्वेचा गोळा आणि संगणकाचे लॉक यांत एक महत्त्वाचा फरक आहे, आणि माझ्या आजच्या विषयाचे मर्म त्या फरकात आहे. रेल्वेत गोळ्यावाचून गाडी पुढे काढू नये, यासाठी दोन स्थानकांतली यंत्रे, तारा, सिग्नल असा सारा सरंजाम उभा असतो. संगणकात लॉक आणि रजिस्टर यांच्यामध्ये कोणतीही तार नसते. ज्याने लॉक घेतले नाही, त्यालाही रजिस्टर तितक्याच आनंदाने लिहू देते. ते कुलूप दाराला लावलेले नसतेच. आत येणाऱ्या प्रत्येकाने मनाशी पाळलेला तो एक संकेत असतो. दहा जणांनी पाळला आणि अकराव्याने पाळला नाही, तर दहांचे पाळणे व्यर्थ जाते. आणि अकरावा कोण, हे यंत्र सांगत नाही. ते वाचूनच शोधावे लागते.

लिनक्सच्या इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे. १९९६ साली लिनक्सची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रांसाठी संपूर्ण कर्नेलला मिळून एकच मोठे लॉक होते. घराला एकच किल्ली असावी तशी ही सोय. सुरक्षित, पण संथ. प्रोसेसर चार असले तरी कर्नेलच्या कामासाठी तीन ताटकळत उभे. म्हणून पुढे त्या एका लॉकच्या जागी शेकडो लहान लॉक आली, प्रत्येक वस्तूला तिचे स्वतःचे. ते मोठे लॉक पूर्णपणे काढून टाकायला २०११ साल उजाडले. पंधरा वर्षे का लागली? कारण त्या एका लॉकच्या आडोशाला नेमके कोण कोण उभे आहे, हे कोठेही लिहिलेले नव्हते. प्रत्येक जागी जाऊन ते वाचून ठरवावे लागले.

आता एका साध्या घड्याळाचे उदाहरण घेऊ. १९८४ साली आलेल्या पीसी-एटी या संगणकापासून यंत्रात एक लहान घड्याळ असते. संगणक बंद असतानाही ते बॅटरीवर चालते. त्याच्याशी बोलायला दोन दारे आहेत. सोळाच्या पायावर मोजता एकाचा क्रमांक ७०, दुसऱ्याचा ७१. पहिल्या दारात सांगायचे की मला कोणता खण हवा, आणि दुसऱ्या दारातून त्या खणातली वस्तू घ्यायची. सेकंदांचा खण शून्य, मिनिटांचा दोन, तासांचा चार. समजा, एकाने ‘शून्य’ असे सांगितले. इतक्यात दुसरा आला आणि त्याने ‘चार’ असे सांगितले. पहिला आता दुसऱ्या दाराशी जातो आणि सेकंद म्हणून तास घेऊन येतो. येथे प्रत्येक वाचन आणि प्रत्येक लेखन वेगवेगळे पाहिले तर निर्दोष आहे. दोष आहे तो दोन क्रियांमधल्या फटीत. शिवाय त्याच पहिल्या दाराचा सर्वांत वरचा खाना घड्याळाचा नाहीच. गंभीर बिघाडाची सूचना देणारा एक विशेष इशारा त्या खान्याने चालू-बंद होतो. म्हणजे वेळ विचारायला गेलेला माणूस, काळजी घेतली नाही तर, जाता-जाता घराची धोक्याची घंटा बंद करून येऊ शकतो. लिनक्समध्ये या घड्याळासाठी एकच सामायिक लॉक ठरलेले आहे, आणि ती दोन दारे वापरणाऱ्या प्रत्येकाने तेच घ्यावे असा दंडक आहे.

‘तेच’ या शब्दावर मी जाणूनबुजून भर देतो. काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर दोन ड्रायव्हर परीक्षणासाठी आले. दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी, दोन वेगवेगळ्या महिन्यांत लिहिलेले. एक पडद्यामागच्या प्रकाशाचा, दुसरा ध्वनिवर्धकाचा. दोघांनीही काळजीपूर्वक लॉक घेतले होते, वेळेवर सोडले होते. पहिला ड्रायव्हर आधीच तपासून स्वीकारला गेला होता. दुसऱ्यातही एकटा पाहता काही खोट नव्हती. मात्र दुसरा वाचताना मी यंत्राच्या माहितीपुस्तकात त्याच्या रजिस्टराचा पत्ता शोधला, तेव्हा पहिल्याचा पत्ता तोच निघाला. एकाच्या मालकीचा तिसरा खाना, दुसऱ्याच्या मालकीचा अकरावा. एकाच खोलीला दोन कुलपे, आणि प्रत्येकाला वाटते की किल्ली फक्त आपल्याजवळ आहे. सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या होत्या, कारण पडद्याचा प्रकाश आणि ध्वनी एकाच क्षणी बदलण्याची वेळ चाचणीत आलीच नव्हती. वापरणाऱ्याच्या हातात मात्र ती रोज आली असती. फोन वाजतो तेव्हा पडदाही उजळतो.

येथे दोष कोणाचा म्हणावा? लिहिणारे दोघेही आपापल्या परीने निर्दोष होते. माझे मत असे आहे की, हा दोष दोन कागदांच्या मधल्या जागेत होता, आणि त्या जागेचा कोणी लेखक नसतो. म्हणूनच तिला वाचक लागतो.

या वाचनाचे काही नियम अनुभवाने ठरत गेले आहेत. पहिला प्रश्न नेहमी एकच असतो : या रजिस्टरात आणखी कोण लिहिते? दुसरा ड्रायव्हर लिहितो का, यंत्रातली अंतर्गत आज्ञावली लिहिते का, की यंत्र स्वतःच लिहिते? दुसरा प्रश्न ‘इंटरप्ट’चा. इंटरप्ट म्हणजे उपकरणाने दिलेली हाक. हाक आली की प्रोसेसर हातातले काम तसेच टाकून धावतो. समजा, काम करणाऱ्याने लॉक घेतले आहे, आणि त्याच प्रोसेसरवर आलेल्या हाकेचे उत्तर देणाऱ्यालाही तेच लॉक हवे आहे. उत्तर देणारा लॉक सुटण्याची वाट पाहत राहतो. लॉक ज्याच्याकडे आहे तो, उत्तर संपून आपली पाळी कधी येते याची वाट पाहतो. दोघेही कायमचे थांबतात आणि यंत्र गोठते. म्हणून अशा ठिकाणी लॉक घेताना तेवढ्यापुरत्या त्या प्रोसेसरवरच्या हाकाही बंद ठेवाव्या लागतात.

तिसरा प्रश्न रजिस्टराच्या स्वभावाचा. काही रजिस्टरांत ‘एक’ लिहिणे म्हणजे नोंद करणे नसून नोंद पुसणे असते. तेथे संपूर्ण पान वाचून तसेच परत लिहिले, तर स्वतःची नोंद पुसताना शेजाऱ्यांच्या न वाचलेल्या नोंदीही पुसल्या जातात. काही रजिस्टरे तर नुसती वाचल्यानेच कोरी होतात. चौथा प्रश्न पोचण्याचा. काही मार्गांवर रजिस्टरात लिहिलेले लगेच पोचत नाही, वाटेत थांबते. पत्र पेटीत टाकले म्हणजे ते पोचले असे होत नाही. लॉक सोडताना आपले लिहिणे खरोखर पोचले आहे याची खात्री आवश्यक असेल, तर तेथे तेच रजिस्टर पुन्हा वाचून पोच घ्यावी लागते.

या प्रश्नांसाठी यंत्रांची मदत नाही असे नव्हे. २००६ सालापासून लिनक्समध्ये ‘लॉकडेप’ नावाची एक व्यवस्था आहे. लॉक घेण्याचा क्रम कोठे उलटसुलट झाला, हाकेच्या वेळी कोठे अडकण्याचा धोका आहे, हे ती चोखपणे दाखवते. परंतु कोणते लॉक कोणत्या रजिस्टरासाठी आहे, हा संकेत मुळातच माणसांनी मनाशी केलेला. तो लॉकडेपला आपोआप कसा कळावा?

आता एक प्रकरण थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्यात परीक्षणाचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही दिसतात. सप्टेंबर २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२७ या होऊ घातलेल्या आवृत्तीची चाचणी चालू असताना, इंटेलची विशिष्ट नेटवर्क कार्डे एकाएकी निकामी होऊ लागली. कार्डाच्या कायम स्मृतीत त्याची ओळख आणि मांडणी साठवलेली असते. ती स्मृतीच भ्रष्ट होत होती. साधारणपणे आज्ञावलीतला दोष यंत्र पुन्हा सुरू केल्यावर निवळतो. येथे यंत्राचा अवयवच जायबंदी होत होता, आणि ज्यांनी विश्वासाने चाचणीत भाग घेतला त्यांचे नुकसान होत होते.

संशय साहजिकच त्या कार्डाच्या ‘ई-१०००-ई’ या ड्रायव्हरवर गेला. अनेकांनी तो ओळीने वाचून काढला. त्या वाचनात एक खरी उणीव सापडली. कायम स्मृतीला हात लावण्यापूर्वी ड्रायव्हर यंत्रातला एक निशाणाचा खाना घेत असे. ते निशाण ड्रायव्हर आणि यंत्रातली अंतर्गत आज्ञावली यांच्यात भांडण होऊ नये यासाठी होते. परंतु ड्रायव्हरचेच दोन धागे एकाच वेळी तेथे आले तर? निशाणाला ते दोघे एकच वाटत. घराबाहेरच्या माणसासाठी कुलूप होते, घरातल्या दोन भावांसाठी नव्हते. तेथे ड्रायव्हरच्या आत एक स्वतंत्र लॉक घालण्यात आले. शिवाय ती कायम स्मृती आज्ञेवाचून लिहिली जाऊ नये म्हणून तिला लेखनबंदीही करण्यात आली.

पण कार्डे बिघडवणारा खरा गुन्हेगार त्या घरात नव्हताच. कर्नेलची आतली हालचाल टिपणारी ‘एफ-ट्रेस’ नावाची एक वेगळीच व्यवस्था होती. ती प्रत्येक कार्याच्या आरंभीची जागा टिपून ठेवी आणि नंतर तेथे जाऊन आज्ञा बदलून येई. काही आज्ञावलींचा आरंभीचा भाग काम संपल्यावर स्मृतीतून मोकळा केला जातो. एफ-ट्रेसच्या वहीत मात्र तो जुना पत्ता तसाच राहिला. पुढे त्याच पत्त्यावर या नेटवर्क कार्डाची कायम स्मृती येऊन बसली. एफ-ट्रेस जुन्या भाडेकरूला शोधत नव्या बिऱ्हाडात शिरले. जाताना त्याने जी आज्ञा वापरली ती ‘आधी पाहा, जुळले तरच बदला’ अशा प्रकारची होती. साध्या स्मृतीत अशी आज्ञा न जुळल्यास निरुपद्रवी ठरते. उपकरणाच्या पत्त्यावर ती तशी ठरेलच याचा भरवसा नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये हे कारण उलगडले आणि लगेचच्या दुरुस्त आवृत्तीत एफ-ट्रेसची ती सोय बंद करण्यात आली.

या प्रकरणातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, ड्रायव्हरमध्ये सापडलेली उणीव मूळ कारण नव्हती म्हणून तिची दुरुस्ती कोणी मागे घेतली नाही. शोधताना जे खरे सापडले ते दुरुस्त झाले, आणि तरीही ‘चोर सापडला’ म्हणून शोध थांबवला गेला नाही. दुसरी अशी की, एखाद्या रजिस्टरात कोण लिहिते या प्रश्नाचे उत्तर त्या रजिस्टराच्या ड्रायव्हरमध्येच असेल असे नाही. परीक्षकाने आपल्या पुढ्यातल्या कागदाच्या कडेपलीकडे पाहिले पाहिजे.

परीक्षणाची ही पद्धत नवी नाही. मायकेल फॅगन यांनी १९७६ साली आज्ञावलींच्या सामूहिक तपासणीची रीतसर मांडणी केली. लिनक्समध्ये आज परीक्षकाने आपले नाव त्या दुरुस्तीखाली नोंदवण्याची प्रथा आहे. त्या नोंदीचा अर्थ असा की, मी हे वाचले, माझ्या शंका लिहिणाऱ्याला कळवल्या आणि त्यांची उत्तरे माझे समाधान करणारी आहेत. ती हमी नव्हे. ती साक्ष आहे. ज्या गुरुजनांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांना हे निराळे सांगायला नको. गणिताचे उत्तर बरोबर आले तरी मधली रीत वाचल्याशिवाय ते बरोबरची खूण करीत नसत. उत्तर योगायोगानेही बरोबर येऊ शकते, हे त्यांना ठाऊक होते. सामायिक रजिस्टराची आज्ञावली हजार वेळा योगायोगानेच बरोबर चालत असते.

तथापि, सर्व भार दक्षतेवर टाकणे हेही शहाणपणाचे नाही. माणूस थकतो. म्हणून उत्तम उपाय तो, ज्यात चुकीला जागाच उरत नाही. काही यंत्रकारांनी हे ओळखले. २०१२ साली आलेल्या रास्पबेरी पाय या लहानशा संगणकाच्या चिपमध्ये, बाहेर काढलेल्या तारा चालू करण्यासाठी एक रजिस्टर आहे आणि बंद करण्यासाठी दुसरे. ज्या खान्यात ‘एक’ लिहाल तेवढीच तार बदलते. ‘शून्य’ लिहिलेल्या खान्यांना धक्का लागत नाही. संपूर्ण पान वाचण्याची गरज नाही, म्हणून ते परत चिकटवण्याचीही नाही, म्हणून तेथे लॉकही नको. ज्यांना असे यंत्र लाभत नाही त्यांच्यासाठी लिनक्समध्ये २०११ साली ‘रेगमॅप’ नावाची सोय आली. मार्क ब्राउन यांनी ती मांडली. वाचणे, बदलणे आणि परत लिहिणे या तिन्ही क्रिया ती एका लॉकखाली एकत्र करते. त्याच पायावर, अनेक ड्रायव्हरांनी मिळून वापरायच्या रजिस्टरांना एकच दार ठेवण्याची पद्धत पुढे रूढ झाली. माझ्यासमोर आलेल्या त्या दोन ड्रायव्हरांचा प्रश्नही अखेर याच मार्गाने सुटला. दोघांनी आपापली कुलपे काढली आणि सामायिक दाराने येऊ लागले. दोन्ही आज्ञावली आधीपेक्षा लहान झाल्या.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या या क्षेत्रात जाल. आज्ञावली लिहून देणारी साधने आता घरोघरी आली आहेत. ती ओळी भराभर लिहितात, आणि बऱ्याचदा शुद्धही लिहितात. परंतु मी सांगितलेला दोष ओळींत नसतो, दोन लेखकांच्या मधल्या जागेत असतो. लेखक वाढले, मग ते माणसे असोत वा यंत्रे, की ती जागाही वाढते. म्हणजे वाचणाऱ्याचे काम कमी होणार नाही. ते वाढेल. या कामाला टाळ्या नाहीत. जो अपघात टळला त्याची बातमी येत नाही. श्वासोच्छ्वासाचे यंत्र रात्रभर नीट चालले, मोटारीचा ब्रेक वेळेवर लागला, तर ते रजिस्टर कोणी कधी वाचून पाहिले होते, असा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही.

तो प्रश्न मात्र तुम्ही विचारावा, एवढीच माझी विनंती आहे. दुसऱ्याचे लिहिलेले हाती आले की प्रथम ‘हे बरोबर आहे का’ असे विचारू नका. ‘येथे आणखी कोण लिहिते’ असे विचारा. आणि आपले स्वतःचे लिहिलेले दुसऱ्याच्या हाती देताना त्याने हाच प्रश्न विचारला, तर त्याला परीक्षक न मानता सोबती माना. एकेरी मार्गावरची गाडी सुखरूप पोचते, ती दोन्ही टोकांना कोणीतरी जागे असते म्हणून.